तीन वाजताची हर्रास

हैदराबादेत उन्हाळा सूर्यामुळे होत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी बटणं दाबल्यामुळे होतो, असं ठामपणे मानणारा या शहरात एकच माणूस आहे आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. इतरांचे साडू दिवाळीला येतात, दोन करंज्या खातात, सासऱ्यांच्या जमिनीचा विषय काढतात आणि जातात. आमचे साडू येतात ते थेट स्वयंपाकघरात. बायकोचा मिक्सर चालू असला की हे गुपचूप फ्रिज बंद करतात. मग मिक्सर थांबला की फ्रिज चालू करायचं विसरतात. गेल्या दिवाळीत आमचं बासुंदीचं पातेलं असं नासलं, आणि हे वर आम्हालाच समजावत बसले, "साडूभाऊ, दोन्ही एकदम कशाला? एक झालं की दुसरं. घाई कसली आहे?" घाई बासुंदीला होती, पण त्यांना कोण सांगणार!

वीजखात्यात जन्म गेला माणसाचा. ते रिटायर झाले, पण खातं त्यांच्यातून काही रिटायर झालं नाही. त्यांचा एक शब्द आहे, पीक. म्हणजे दिवसातली ती वेळ, जेव्हा सगळं शहर एकदम वीज ओढतं. एकदा आमच्या सासूबाई गावाहून चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. हे जेवताना म्हणाले, "यंदा पीक फार वाढलंय, काहीतरी करून खाली आणलं पाहिजे." सासूबाईंचा घास हातातच राहिला. लातूरकडचं शेतकऱ्याचं घर ते. म्हणाल्या, "जावईबापू, पीक वाढलं तर देवापुढं नारळ फोडा. खाली कशाला आणता?" त्यानंतर अर्धा तास त्यांनी सासूबाईंना पीक समजावलं. सासूबाई निघताना माझ्या बायकोच्या कानात एवढंच म्हणाल्या, की थोरल्या जावयाला जरा उन्हाचं बाहेर पाठवत जाऊ नका.

हे पीक टाळणं त्यांच्या अंगात इतकं भिनलं आहे की ते तिळगूळ संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाटतात. देवळात उत्सव सरल्यावर जातात, कारण "गर्दीत देवालाही धड ऐकू येत नसेल." लग्नाला गेले की मुहूर्ताच्या आधीच जेवायला बसतात. आचाऱ्याची कढई अजून तापायची असते आणि हे पान मांडून तयार! गौलीगुड्याच्या बाजारात भाजीवाली दुपारी डोळा लावून पडलेली असते, तिला उठवून कोथिंबीर घेतात. भाजीवाली शिव्या देते, हे खूश होतात, का तर रांग नव्हती. माझी मेव्हणी, म्हणजे आमच्या अक्का, गरीब स्वभावाच्या. त्या म्हणतात, "लग्न झाल्यापासून इस्त्री लावायच्या आधी मी यांच्या तोंडाकडे बघते. लोक मुहूर्त पंचांगात बघतात." शेवटी अक्कांनीच त्यांना घराबाहेर काढायचा उपाय शोधला. काचीगुड्याला स्टेशनजवळ आमचं जे कॉम्प्लेक्स आहे, जिथे खाली माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, तिथेच पहिल्या मजल्यावर त्यांना एक खोली घेऊन दिली. बाहेर पाटी लावली, 'वीजबिलं तपासून मिळतील.' बेंगळुरूच्या मुलानं वडिलांसाठी दोन टनाचा भला थोरला एसी बसवून दिला. अक्का सुटल्या आणि आम्ही अडकलो!

आता आमच्या कॉम्प्लेक्सची भानगड सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सगळ्या इमारतीला मिळून वीजखात्याचं एकच मोठं कनेक्शन आहे. जिन्याखाली थोरला मीटर आणि प्रत्येक दुकानाला आपापला धाकटा. थोरल्या मीटरची खोड अशी की तो नुसती किती वीज जळली एवढंच मोजत नाही, महिनाभरात एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली तेही लक्षात ठेवतो. ठरलेल्या हद्दीच्या वर एकदा जरी गेलं, तरी सगळ्यांच्या डोक्यावर दंड. साडू हे पंगतीवर समजावतात. "शंभर माणसं एकाच पंगतीला बसवायची तर शंभर ताटं लागतात. दोन पंगती केल्या तर पन्नासांत भागतं. जेवण तेवढंच. आपण ताटांचे पैसे भरतोय, साडूभाऊ, जेवणाचे नाही." हे मला पटलं होतं, पण पटलं असं दाखवलं की ते खुर्ची ओढून बसतात, म्हणून मी झेरॉक्सच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं करत असे.

दोन उन्हाळे लागोपाठ दंड बसला. मग घरमालकानं कमिटीला सांगितलं, की आणखी एकदा हद्द ओलांडली तर मी सगळ्यात मोठी मोटर इमारतीतून काढणार. सगळ्यात मोठी मोटर होती सुमनताईंच्या गिरणीची. सुमनताईंचे वडील नांदेडकडून रेल्वेत नोकरीला आले आणि इथेच राहिले. गिरणीत शिरलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, त्यावर पिठाचा बारीक थर, आणि तो थर रोज सकाळी पुसून मगच पट्टा चढवायचा हा त्यांचा नेम. "जयभीम दादा" म्हणून हसतील आणि तुमच्या डब्यावर खडूनं नाव लिहितील. भाकरीसाठी ज्वारी अशी दळणारी दुसरी गिरणी या भागात नाही. नवरा गेल्यावर दोन मुलींची शिक्षणं त्या एका मोटरीवर चालली होती. पण कमिटीच्या सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. साडीच्या शोरूमवाले तेलुगू रावगारू, म्हणजे रावसाहेब, तर म्हणाले, "गिरणी गयी तो पीक बी जाता, पीठ बी जाता. मेरे साड्यों पे रोज उडता पीठ." सुमनताई दाराशी उभ्या होत्या. पदरानं हात पुसत राहिल्या.

साडू त्या कमिटीचे सेक्रेटरी. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झालेले. ते उठले आणि म्हणाले, "बाईला काढायची गरज नाही. आपण बाजार मांडू. दुपारी तीन ते पाच मीटर हद्दीजवळ जातो ना? तेवढा वेळ जो आपलं मशीन सगळ्यात स्वस्तात बंद ठेवील, त्याला कमिटी मोबदला देईल. ज्याला जड जातं त्यानं चालू ठेवावं, ज्याला परवडतं त्यानं बंद करावं. मला हा उन्हाळा द्या." मोबदला कशाचा, तर समोरच्या इराणी हॉटेलातल्या चहाचा. पैशाचं नाव काढलं की भांडणं होतात, चहाला कुणी भांडत नाही, असं त्यांचं म्हणणं. सभेला हसू आलं, आणि हसता हसता मंजुरी मिळाली.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण दुसऱ्या दिवशी या गृहस्थानं आपल्या ठसठशीत अक्षरात जिन्यात नोटीस लावली, 'उद्या दुपारी तीन वाजता इमारतीत हर्रास. सर्वांनी हजर राहावे.'

पुण्यामुंबईच्या माणसाला हा शब्द कळायचा नाही. ते लिलाव म्हणतात. लिलाव आंब्यांचाही होतो आणि चित्रांचाही. पण आमच्या या जुन्या निजामी मुलखात हर्रास म्हटली की वसुलीवाला दारात उभा, भांडी अंगणात आणि शेजारीपाजारी बघायला जमलेले. आमच्या आज्या पोरांना भीती घालायच्या ती बागुलबुवाची नव्हे, हर्राशीची. साडूंच्या डोक्यात मात्र वीज सोडून काही नव्हतंच. नोटीस लागली आणि अर्ध्या तासात बेकरीवाले सलीमभाई माझ्या दुकानात, अंगाला मैदा तसाच. "साब, ये क्या है? मेरी दुकान की हर्राजी कैकू करते तुम? किराया तो दियूँ ना मैं! रसीद दिखातूँ!" मी म्हटलं अहो तसं नाही, पण ते ऐकतायत कुठले. तोवर रावगारूंनी वकिलाला फोन लावला होता.

सुमनताईंनी कुणालाच काही विचारलं नाही. मी गेलो तेव्हा गिरणी थांबलेली होती. पट्टा उतरवून, गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेला. भाऊ टेम्पो घेऊन निघाला होता. बाबासाहेबांचा फोटो जुन्या साडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला होता. "दादा, हर्रास लागली म्हणं. मोटर तेवढी कामून नेतेत हो? कर्ज तर न्हाई माझ्यावर." मी वर धावत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा साडूंवर ओरडलो. काय झालं ते त्यांना दोन मिनिटं कळेचना. कळलं तेव्हा चप्पल न घालताच खाली आले, गिरणीत शिरले आणि पिठात उभे राहून त्या बाईला हात जोडले. "ताई, शब्द चुकला माझा. तुमचं काही विकायचं नाही. तुम्ही इथून जाऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे." मग स्वतःच पट्टा सोडायला बसले. त्यांना तो चढवता येईना, सुमनताईंनी डोळे पुसत चढवला. नोटीस मात्र बदलली नाही हं! खाली बारीक अक्षरात 'उलटी' एवढा शब्द वाढवला आणि म्हणाले, आता बरोबर झालं.

आणि ही उलटी हर्रास सुरू झाली. रोज तीनला काही मिनिटं असताना साडू जिन्याखाली स्टुलावर चढायचे, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे आणि ओरडायचे, "बोला! बेकरी बोला! कोण किती चहात बंद करतंय?" सलीमभाईंनी पहिल्याच दिवशी म्हटलं, "बीस चाय!" साडू म्हणाले, "वीस चहा प्यायलात तर विजेच्या भट्टीच्या आधी तुम्ही बंद पडाल." शेवटी सहावर तुटलं. रावगारू सुरुवातीचे दिवस नुसते दारात उभे राहून हसायचे. "एमंडी," म्हणजे तेलुगूत अहो, "पसीना आया तो साडी कौन लेता?" पण सलीमभाईंच्या पुढ्यात चहाचे पेले येताना बघून त्यांनाही राहवेना. एक दिवस आपल्या तीन एसींतला मागचा एक त्यांनी आठ चहांना बंद केला, आणि ते चहा गिऱ्हाइकांना पाजून 'स्पेशल ट्रीटमेंट' म्हणून मिरवले. मीही झेरॉक्सचं मोठं मशीन दोन चहांना बंद करू लागलो. दुपारी त्याला तसंही काम नसतं, पण हे मी साडूंना कशाला सांगू?

सगळ्यात कमी बोली सुमनताईंची असायची. जायची भीती त्यांनाच ना! पेला वाजला की त्या म्हणायच्या, "माझं एकच चहा लिहा दादा." साडू स्टुलावरून डाफरायचे, "ताई, भाव पाडू नका! एवढ्या मोठ्या मोटरीला एक चहा? बाजाराची काही इज्जत आहे की नाही? पाच म्हणा." त्या बिचाऱ्या घाबरून पाच म्हणायच्या, आणि हे समाधानानं "तुटलं!" म्हणून चमचा आपटायचे. बोली वर चढवणारा असा हर्रासवाला मी तरी बघितला नाही.

लबाडी कुठे होत नाही! काही दिवसांनी सलीमभाईंची भट्टी दुपारी हटकून धगधगू लागली. साडू खाली उतरले, भट्टीजवळ गेले, नाक वर करून उभे राहिले. "सलीमभाई, भट्टी तापलीय, पण बिस्किटांचा वास कुठाय?" भट्टी रिकामी होती. बंद करण्याचे चहा मिळावेत म्हणून ती मुद्दाम चालू केलेली. सलीमभाईंनी कान पकडले, "पकड लिये ना साब! आप आदमी नै, मीटर है." साडूंना याहून मोठी शाबासकी जन्मात मिळाली नसेल. घरी जाऊन त्यांनी ती अक्कांना सांगितली, मग मला सांगितली, आणि सलीमभाईंनी ती दिली तेव्हा मी तिथेच उभा होतो हे आठवल्यावरही मला पुन्हा सांगितली.

एप्रिल हद्दीच्या आत निघाला. पण मे महिना म्हणजे काय सांगू! लग्नसराई, शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही, बेकरीला ऑर्डरींवर ऑर्डरी, आणि बाहेर डांबर मऊ पडलेलं. अशा एका दुपारी हर्रास बसलीच. सलीमभाई म्हणाले, "आज नक्को साब, शादी का आर्डर है." रावगारू म्हणाले, शंभर चहा दिले तरी नाही, आत दोन वऱ्हाडं बसली आहेत. गिरणी बंद, माझं मशीन बंद, तरी मीटरचा आकडा हद्दीला टेकत आलेला. साडू स्टुलावरून उतरून मीटरसमोर उभे होते. चेहरा असा की घरात कुणी आजारी असावं. घरमालकाचा माणूस सकाळीच येऊन सुमनताईंना सांगून गेला होता, की आज-उद्यात हद्द गेली तर महिनाअखेर खोली रिकामी करा. साडू वर निघाले. चार पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून हळूच खाली बसले, मग आडवेच झाले.

पीठ घेऊन मागून येणाऱ्या सुमनताईंनी आरडाओरडा केला. आम्ही धावलो. अंग भट्टीसारखं. इमारतीत गारवा होता तो एकट्या शोरूममध्ये. सलीमभाईंनी आणि मी उचलून त्यांना तिथे नेलं, वऱ्हाडातल्या बायका बाजूला झाल्या, रावगारूंनी पैठण्यांच्या गादीवरच त्यांना निजवलं आणि स्वतः ओल्या फडक्यानं कपाळ पुसू लागले. मी म्हटलं, "वर इतका मोठा एसी असताना या माणसाला ऊन लागलं कसं?"

सुमनताई तिथेच दाराशी होत्या, त्या सभेच्या दिवशी उभ्या होत्या तशाच. पण या वेळी बोलल्या. "त्यो एसी या उन्हाळ्यात एकदाबी लागला न्हाई दादा. पंखाबी तीनच्या पुढं बंद. मी पीठ द्यायला जाते, बघते ना. मी म्हणलं, साहेब, तुमी कामून हर्राशीत बोली लावत न्हाई? तर म्हणले, माझी लागलेली असते ताई, सगळ्यांच्या आधी. मी म्हणलं कितीला? म्हणले, शून्याला."

आम्हाला दोन महिने स्टुलावर उभं राहून जो माणूस सांगत होता की जगात कुणी काही फुकट करत नाही, त्याची ही बोली! मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. तेवढ्यात साडूंनी डोळे उघडले, वर घुरघुरणाऱ्या एसीकडे पाहिलं आणि पुटपुटले, "रावगारू... तीन वाजून गेले ना? हा चालू कसा?" रावगारू उठले आणि मागचे दोन्ही एसी स्वतःच्या हातानं बंद केले. सलीमभाई गेले आणि भट्टी थांबवून आले. शादीची ऑर्डर त्यांनी संध्याकाळी सहानंतर पुरी केली, रात्रीपर्यंत खपून. मीटर हद्दीच्या आत राहिला. अगदी जेमतेम, पण राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेला हा माणूस तीनला हजर. अक्का मागून छत्री धरून, बडबडत. स्टुलावर चढू दिलं नाही आम्ही, खुर्ची दिली. त्यांनी पेला वाजवला. "बोला! बेकरी?"

"शून्य," सलीमभाई म्हणाले.

"शोरूम?"

"जीरो, एमंडी."

मीही शून्य म्हटलं. साडू आमच्या तोंडाकडे बघतच राहिले. आनंद व्हायचा सोडून त्यांचा चेहरा पडला. "अरे, असं कसं? मोलभाव करा ना! अशानं बाजार बसतो. माझ्यावर दया दाखवताय होय?" कुणी दया दाखवत नव्हतं. आपापलं बटण बंद करून सगळे कामाला लागले होते. असेच दिवस गेले, आणि महिना हद्दीच्या आत संपला त्या दिवशी सुमनताईंनी गिरणीच्या खोलीचा नवीन करार घरमालकाकडून आणून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला, "छान, छान" म्हणाले, आणि रिकाम्या पॅसेजकडे बघत पेला पुसत बसले.

तेव्हापासून असंच चाललं आहे. तीन वाजले की कुणी न सांगता भट्टी थांबते, एसी थांबतात, गिरणी थांबते. हद्दीचं आता नावसुद्धा निघत नाही. इराणी हॉटेलवाला तेवढा विचारतो, साब, आजकल चाय नै? आणि साडू रोज वेळेवर जिना उतरतात. पूर्वी दोन-दोन पायऱ्या उतरायचे, आता कठडा धरून एकेक. खाली येऊन मीटर बघतात, पेला हातात असतो, तो वाजवत नाहीत. थोडा वेळ थांबून परत वर जातात. मला दुकानातून हे दिसतं आणि सांगतो, माझं हिशेबात लक्ष लागत नाही.

परवा मला राहवलं नाही. ते परत वळणार तेवढ्यात मी काउंटरवरून मोठ्यानं ओरडलो, "साडूभाऊ! मशीन बंद करायचे दहा चहा घेईन. एक कमी नाही!"

ते थांबले. वळून त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं. मशीनवर कापड घातलेलं होतं, पिन भिंतीतून काढून ठेवलेली होती, आणि रिकाम्या भट्टीचा वास ओळखणाऱ्या माणसाला ते दिसलं नसेल असं कसं म्हणू? मग सावकाश आत आले, समोरची खुर्ची ओढली, पेला काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "दहा फार होतात हो. तीन?"

मी सातावर अडून बसलो.